मालवणच्या खानावळीत

प्रवासास निघताना घरातील आचारविचार बरोबर न्यावेत, की कुलपाबरोबर घरीच ठेवून जावेत, याविषयी आमच्या घरात आजवर एकमत झालेले नाही. मातोश्रींचे वय ८२. फराळाचा डबा आणि स्वतःचे पाण्याचे भांडे घेतल्यावाचून त्या मोटारीत पाऊल ठेवीत नाहीत. मुलांचा पक्ष असा की, ज्या गावी जावे तेथले खावे. आम्ही स्वतः कोणत्या पक्षाचे, हे आम्हांस कोणी विचारीत नाही, आणि आम्हीही सांगण्याची घाई करीत नाही. गेल्या कार्तिकाच्या वद्यपक्षात मात्र असा एक प्रसंग आला की, त्यात आमचे हे मौन आमच्याच अंगावर आले. तो वाचकांस सांगावा की न सांगावा याचा विचार करण्यात दोन महिने गेले. कारण त्यात आमची बाजू फारशी शोभेशी नाही.

आमची सासुरवाडी वेंगुर्ल्याची. सासूबाई पूर्वीच गेल्या होत्या, श्वशुर जाऊन दोन वर्षे झाली, आणि मेहुणे परदेशी स्थायिक झाले. मागे उरले ते कौलारू घर आणि परसातली पंधरा-वीस माडांची बाग. ती कोणी पाहावयाची, हा प्रश्न सुटेना, तेव्हा विकण्याचे ठरले. खरेदीखतावर सह्या करण्यासाठी सौ.स जाणे भाग होते. मुलांस आजोळ एकदा शेवटचे दाखवावे, आणि मातोश्रींसही समुद्राचे दर्शन घडावे, म्हणून आम्ही सगळेच पुण्याहून निघालो. मंगळवारी दुपारी नोंदणी झाली. संध्याकाळी किल्ल्या नव्या मालकांच्या हाती दिल्या. सौ.ने परसात एक फेरी मारली, विहिरीत डोकावून पाहिले आणि ती मोटारीत येऊन बसली. कोणी काही बोलले नाही.

दुसरा दिवस बुधवार. परतीच्या वाटेवर मुलांस सिंधुदुर्ग दाखवावा म्हणून आम्ही मालवणास गेलो. १६६४ साली शिवछत्रपतींनी कुरटे बेटावर ज्या दुर्गाचे काम आरंभिले, त्याविषयी येथे विस्तार करीत नाही. शाळेच्या पुस्तकांतून तो सर्वांस ठाऊकच आहे. एवढेच सांगतो की, चहूंकडे खारे पाणी असता मधोमध दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी पाहून मातोश्री अतिशय प्रसन्न झाल्या, आणि होडीतून परतताना त्यांनी मुलांस दोन वेळा ओरडून पाण्यात हात घालू दिला नाही.

धक्क्यावर उतरलो तेव्हा एक वाजून गेला होता. बाजारात शिरताच समोर एक 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी होती, आणि तिच्यापुढे दहा पावलांवर एका घराच्या पडवीत दुसरी पाटी होती. तिच्यावर खडूने लिहिले होते: 'सुरमई, बांगडा, मोरी, तिसरे, कोळंबी. शिवराक मिळेल.' हा 'शिवराक' शब्द आमच्या देशावरील वाचकांस कदाचित नवा असेल. मालवणी बोलीत निरामिष जेवणास शिवराक म्हणतात. जेथे मासळी हे रोजचे अन्न, तेथे तिच्यावाचूनच्या जेवणास वेगळे नाव ठेवावे लागते; आपल्याकडे याच्या नेमके उलट आहे.

मुलांची दृष्टी कोणत्या पाटीवर खिळली हे सांगावयास नको. सौ. मात्र पहिल्या पाटीकडे वळली आणि म्हणाली, "आपण इकडेच जाऊ. आईंना बरे पडेल."

मातोश्री जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी सुनेकडे पाहिले आणि विचारले, "तुला कुठे जायचे आहे?"

"मला काय, कुठेही चालेल."

"कुठेही चालेल म्हणणाऱ्या माणसाला भूक नसते," असे म्हणून मातोश्री काठी टेकीत त्या पडवीच्या पायऱ्या चढू लागल्या. आम्ही घाईने पुढे होऊन वासाची कल्पना दिली. त्यावर त्या म्हणाल्या, "समुद्रावर यायचे आणि वासाची तक्रार करायची, हे मला जमायचे नाही."

पडवीत सहा मेजे होती. खानावळीच्या मालकीणबाई गाबीत समाजातल्या. पदर खोचून त्या स्वतःच वाढीत होत्या. मातोश्रींची पांढरी नऊवारी पाहून त्या जवळ आल्या आणि न विचारताच म्हणाल्या, "आज्ये, भिया नको. शिवराकाची चूल वायली असा, तेलय वायला." मातोश्रींस सगळे शब्द कळले नसावेत, पण अर्थ कळला. त्यांनी व आम्ही शिवराक थाळी सांगितली. मुलांनी सुरमई मागितली. राहिली सौ. तिने खालच्या मानेने विचारले, "बांगडो रापणीचो मां?" आणि मालकीणबाईंचा चेहरा एकदम उजळला. मग त्या दोघींचे जे बोलणे सुरू झाले, त्यातील निम्मेही आम्हांस उमगले नाही. सोळा वर्षांच्या संसारात आमच्या सौ.ची ही बोली आम्ही अशी सलग ऐकली नव्हती. पुण्यात ती आमच्यासारखे बोलते. इतके आमच्यासारखे की, तिला दुसरी भाषा आहे हेच आम्ही विसरलो होतो.

रापण म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. होडीतून अर्धचंद्राकार जाळे टाकीत समुद्रात जावयाचे आणि पुन्हा किनाऱ्यास यावयाचे. मग जाळ्याची दोन टोके दोन्हीकडून पुष्कळ माणसांनी मिळून वाळूवर ओढावयाची. जे मिळेल त्याचे वाटे होतात. बांगडा, पेडवे अशी थव्याने किनाऱ्याजवळ येणारी मासळी या जाळ्यात सापडते. यांत्रिक नौका आणि पर्ससीन जाळी आल्यापासून हा थवा किनाऱ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच उचलला जातो, अशी मालवणच्या रापणकरांची जुनी तक्रार आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांस समुद्र बंद असतो, पण तेवढ्याने भागत नाही, असे मालकीणबाईंचे म्हणणे पडले. पापलेट आज मिळालेच नव्हते. राज्य सरकारने २०२३ साली पापलेटास राज्यमाशाचा मान दिला, हे आमच्या चिरंजीवांनी त्यांस मोठ्या उत्साहाने सांगितले. "मान दिल्यान, पन मासो खंय दिल्यान?" असे म्हणून त्या आत गेल्या.

जेवण येईपर्यंत चिरंजीवांनी आणखी एक प्रश्न टाकला. शाळेतील एका मित्राने त्यास सांगितले होते की, मासे खाणारे ब्राह्मण खरे ब्राह्मणच नव्हेत. तेव्हा त्याची आई कोण? अशा प्रश्नांची उत्तरे देण्याची आम्हांस हौस आहे. आम्ही सांगितले की, हा वाद फार जुना. यजन, याजन, अध्ययन, अध्यापन, दान आणि प्रतिग्रह ही सहा कर्मे ज्यांस आहेत ते षट्कर्मी, आणि सारस्वत मत्स्याहारी म्हणून त्यांस तीनच कर्मांचा अधिकार, ते त्रिकर्मी, असे म्हणून आमच्या पूर्वजांनी त्यांच्याशी पंक्तिव्यवहार नाकारला. उलट बंगाल आणि मिथिला येथील ब्राह्मण आजही मासळी खातात, काश्मीरचे पंडित तर मांसही खातात, आणि त्यांच्या ब्राह्मण्यास तेथे कोणी बाध आणीत नाही. शिवाय महाभारताच्या शल्यपर्वात दधीचिपुत्र सारस्वत मुनींची कथा आहे. बारा वर्षे अवर्षण पडले, ऋषी अन्नासाठी दाही दिशांस पांगले आणि वेद विसरले. एकटे सारस्वत मुनी सरस्वतीच्या तीरावर राहिले. नदीने त्यांस मत्स्य पुरविले आणि त्यांच्या मुखी वेद टिकले. पुढे साठ हजार ऋषींनी त्या तरुण मुनींपाशी बसून अध्ययन केले. तेव्हा आज आपण जे वेद म्हणतो, ते मासळीवर जगलेले आहेत.

चिरंजीव खूश झाले. सौ. मात्र शांतपणे म्हणाली, "ही कथा तुमच्या बाबांना इतकी छान येते, हे मला आज कळले."

या वाक्यातील खोच तेव्हाच आमच्या ध्यानी यावयास हवी होती. पण तेवढ्यात ताटे आली.

आमच्या व मातोश्रींच्या ताटात काळ्या वाटाण्यांचे सांबारे, सुरणाची कापे, भात, तांदळाची भाकरी आणि सोलकढी होती. कापांस मसाला तोच आणि तांदळाच्या पिठाचे आवरणही तेच. मुलीने आजीचे काप आणि आपला सुरमईचा तुकडा शेजारी धरून दाखविला, तेव्हा दोन्हींत भेद करणे कठीण होते. मातोश्रींनी काप चाखले आणि मान डोलावली. सौ.च्या ताटात एक तळलेला बांगडा होता, आणि वाटीत तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले होते. तिरफळ हे काटेरी झाडाचे लहानसे फळ. आतील काळे बी काढून टाकावयाचे आणि साल तेवढी ठेचून घालावयाची. जिभेस किंचित बधिरता आणणारा त्याचा वास असतो. या कालवणात कांदा नाही, लसूण नाही. ओले खोबरे, मिरची, हळद, कोकम आणि हे तिरफळ. एकादशीच्या स्वयंपाकासारखी ही साधी सामग्री ऐकून मातोश्रींनी भुवया उंचावल्या.

सौ. जेवू लागली. आम्ही तिला सोळा वर्षे जेवताना पाहात आलो आहोत. पण असे जेवताना पाहिले नव्हते. तिने बांगड्याच्या पाठीवर अंगठा दाबला, बोटांनी दोन्ही बाजू अलगद सोडविल्या आणि मधला काटा शेपटीसकट एका ओढीत अखंड बाहेर काढून ताटाच्या कडेस ठेवला. मुलीच्या तुकड्यातील काटा तिने न पाहताच काढून दिला. मान वर केली नाही, कोणाशी बोलली नाही. मालकीणबाई भात वाढावयास आल्या, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्या चेडवाक खावक येता. ही हंयचीच." हे ऐकताच सौ.चा हात थांबला. तिचे डोळे भरून आले होते. तिखल्याने आले असतील असे आम्ही मानून घेतले. आमचा स्वभावच तसा आहे.

मातोश्री हे सगळे पाहात होत्या. शेजारच्या मेजावर लहान तळलेल्या माशांची बशी आली, तेव्हा मुलीने ते काय म्हणून विचारले. मालकीणबाई म्हणाल्या, "पेडवे." त्यावर मातोश्री म्हणाल्या, "आमच्याकडे यांना तारली म्हणतात."

आम्ही सर्व थक्क झालो. मातोश्रींनी जन्मात मासळी चाखलेली नाही. परंतु त्यांचे माहेर आंजर्ल्याचे, हर्णैच्या बंदरापासून जवळ, हे आम्ही विसरत होतो. रोज सकाळी कोळिणी टोपल्या घेऊन ओटीवरून जात, आणि प्रत्येक माशाचे नाव पुकारीत. त्या वयात पाढ्यांबरोबर तीही नावे पाठ झाली. मातोश्रींनी तेथे बसल्या बसल्या ढोमा, मांदेली, जवळा, मुशी अशी दहाबारा नावे म्हणून दाखविली. मुशी म्हणजेच येथली मोरी, हेही त्यांनीच मुलांस सांगितले. मग त्या म्हणाल्या, "आणि आमच्या माडांना खत कसले घालीत असत, ठाऊक आहे? सुक्या मासळीचे. पावसाच्या आधी आळी खणायची आणि टोपल्याच्या टोपल्या ओतायच्या. गावभर वास सुटे. माझे आजोबा अग्निहोत्र पाळणारे, पण खत उभे राहून मोजून घेत. माडाने मासळी खाल्ली, आम्ही नारळ खाल्ला. मध्ये एक झाड होते, म्हणून आमचे सोवळे राहिले."

मुले मोठ्याने हसली. सौ.ही हसली. हसण्याच्या भरात आमची कन्या बोलून गेली, "म्हणजे आम्ही वेंगुर्ल्याला खात होतो ते आजीला सांगितले असते तरी चालले असते!"

"मला ठाऊक होते," मातोश्री म्हणाल्या. "पाच वर्षांची असताना तू झोपेत सुंगटे मागितली होतीस." मग त्या सुनेकडे वळल्या. "एक सांग. माहेरी जात होतीस तेव्हा तेथे खात होतीस, ते ठीक. पण दोन वर्षांत माहेर नाही, आणि आता तर घरही गेले. मग तू घरी का करीत नाहीस?"

सौ.ने ताटावरची दृष्टी काढली नाही. "तुम्हांला चालणार नाही म्हणून."

"मी कधी म्हटले?"

सौ. काही बोलली नाही. तिने फक्त आमच्याकडे पाहिले. मग मातोश्रींनी आमच्याकडे पाहिले. मुलांनीही पाहिले.

वाचकहो, घडले होते ते असे. २००९ साली लग्नानंतर आठ-दहा दिवसांनी सौ.ने आम्हांस विचारले होते की, घरी कधी मासे केले तर चालतील का? आम्ही तत्काळ उत्तर दिले की, आईला चालायचे नाही. मातोश्रींस आम्ही विचारले नव्हते. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. वास आमच्याच नाकास सहन होत नव्हता. तसे सरळ म्हटले असते, तर नव्या नवरीने त्यावर दोन शब्द बोलण्याचा संभव होता, आणि त्या बोलण्यास उत्तर द्यावे लागले असते. आईचे नाव पुढे केल्यावर पुढचे बोलणेच खुंटले. धर्म, परंपरा, वडीलधाऱ्यांचा मान, हे सारे आम्ही एका वाक्यात वापरून घेतले आणि सोळा वर्षे त्यावर निश्चिंत राहिलो. शल्यपर्वातील कथा आम्हांस तेव्हाही येत होती.

"मी स्वयंपाकघरात नको म्हटले असते," मातोश्री सावकाश म्हणाल्या. "ते आजही म्हणेन. पण विचारले असतेत, तर मागची गॅलरी होती." आणि काही वेळाने, आमच्याकडे न पाहता, "माझ्या नावावर काय काय खपविले आहेस, त्याची एकदा यादी कर."

आम्ही सोलकढी प्यालो. दुसरे काय करणार?

पैसे चुकते करून निघालो, तेव्हा मालकीणबाईंनी सौ.च्या हातावर कागदात बांधलेली मूठभर तिरफळे ठेवली आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत. मोटारीकडे जाताना मातोश्री बाजारात एका भांड्यांच्या दुकानापुढे थांबल्या. तेथे बिडाचे तवे मांडले होते. त्यांनी एकामागून एक चार तवे काठीने वाजवून पाहिले, पाचवा पसंत केला, आणि दुकानदाराशी घासाघीस करून तो घेतला. सौ. म्हणाली, "आई, कशाला? पुण्यात बांगडा येतो तो बर्फातला. गणेश पेठेच्या बाजारात चांगला मिळतो, पण याची सर नाही."

"नसू दे. चातुर्मासात नाही, चतुर्थीला नाही, एकादशीला नाही. गॅलरीचे दार लावून घ्यायचे. आणि भांडी मी घासणार नाही, तूही घासायची नाहीस. ती हा घाशील."

एवढ्याने सौ.चा राग गेला असे कोणी समजू नये. कसालपर्यंत ती खिडकीबाहेर पाहात होती. फोंडा घाट चढताना आम्ही काही बोलण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ती म्हणाली, "मासे राहू देत. मासे काय, मी सोडूनही दिले असते. पण मला वाटत होते, आईंना मी घरात पुरती आवडत नाही. सोळा वर्षे मी असे समजून चालले." मागच्या आसनावर मातोश्री डोळे मिटून बसल्या होत्या. त्या झोपल्या होत्या की नव्हत्या, हे आम्हांस सांगता येणार नाही. राधानगरी येईपर्यंत मोटारीत कोणी बोलले नाही.

बिडाचा नवा तवा लगेच वापरता येत नाही. सौ.ने तो आठवडाभर भाताच्या पेजेत भिजत ठेवला, मग रोज खोबरेल लावून तापविला, तेव्हा तो काळाभोर झाला. आजवर तो तीन वेळा शेगडीवर चढला आहे. पहिल्या खेपेस मातोश्री गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. नाकास पदर होता, पण बांगडा उलथावयाची वेळ झाली हे त्यांनी सौ.च्या आधी सांगितले. तवा तिन्ही वेळा आम्हीच घासला. हातांचा वास दुसऱ्या दिवसापर्यंत जात नाही. साबण झाला, लिंबाची साल झाली. परवा रात्री मोरीशी उभे राहून आम्ही बोटे हुंगीत होतो, तेव्हा आतून मातोश्रींचा आवाज आला:

"चिंच चोळ. आमच्या कोळिणी चिंच चोळीत असत."